पाण्यात घातलेला रंग

"पण रंगच उरला नाही, तर घाण उरली कुठं, चाचा?"

केतकीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा विचारताना ती हसत होती. आता हसू जरा कमी झालं होतं.

दस्तगीर चाचा मोठ्या टाकीच्या कठड्यावर उकिडवे बसून खाली पाण्याकडं बघत होते. मंगळवारी सकाळी भाचीच्या लग्नाला मिरजेला गेलेले, ते आज गुरुवारी एसटीतून उतरून थेट इथंच आले होते. हातातली पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती.

"चाचा, मी तुमच्याशी बोलतेय."

"ऐकतोय की."

"मग?"

"मग काय... वास घेतोय."

आता ही टाकी कसली, ते सांगायला हवं. गावात नऊ डाईंग. टॉवेल, लुंग्या, चादरींचं सूत तिथं रंगतं. ज्या दिवशी जो रंग सुताला, त्या दिवशी तोच रंग गटारीला. नऊही डाईंगचं पाणी पाइपातून गावाबाहेरच्या या ठिकाणी येतं, इथल्या टाक्यांमधून फिरतं, आणि मग खालच्या नाल्यात सुटतं. नाला पुढं हिरडवाडीला जातो. लांब नाही, वळण घेतलं की हिरडवाडीच. इथल्या कठड्यावर उभं राहिलं तर तिथला म्हशींचा उतार दिसतो.

दस्तगीर चाचांनी चाळीस वर्षं डाईंगमध्ये पाण्यात रंग घातला आणि आता आठ वर्षं ते तो काढत होते. प्रायश्चित्त म्हणून की पोटासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "दोन्ही."

आणि केतकी खारगे म्हणजे इथली इंजिनिअर. केमिकलची. पदवीला पहिली आलेली, आणि ते कुणाला विसरू न देणारी. आठ महिन्यांपूर्वी आली तेव्हा मालक मंडळींनी सांगितलं होतं, "मशीन तुम्हाला येतंच. टाकी मात्र चाचांकडून शिका."

टाकी शिकायची म्हणजे काय शिकायचं, हे तिला कळेना. टाकीत तपकिरी, फेसाळ, रबडीसारखं पाणी. त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव. ते घाण खातात, म्हणून पाणी सुधारतं. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. चाचांनी पुस्तक वाचलं नव्हतं. ते त्यांना 'जित्राबं' म्हणायचे, गोठ्यातल्या गुरांना म्हणतात तसं. डाईंगला सुट्टी असली की पाणी येत नाही, जित्राबं उपाशी पडतात, म्हणून चाचा घमेल्यात गूळ कालवून टाकीत ओतायचे. वर विचारायचे, "पोटं भरली का रं?"

केतकी तोंडावर हात ठेवून हसायची. घरी फोनवर आईलाही सांगायची, आमचे चाचा जंतूंना जेवायला वाढतात म्हणून.

"काय टाकलंस?" चाचांनी आता विचारलं.

"कुठं?"

"पोरी, मी चाळीस वर्षं डाईंगात काढली. ब्लीचिंगचा वास मला मेल्यावरही येईल."

केतकीनं एकदा टाकीकडं बघितलं. पाणी फिकट राखाडी झालं होतं. फेस नव्हता.

"ब्लीचिंग पावडर."

"किती?"

"आधी शेवटच्या हौदात दोन पोती टाकली. रंग हलेना. मग..."

"मग?"

"मग या टाकीत. अकरा पोती."

चाचांनी पिशवी खाली ठेवली. त्यात लग्नातले लाडू होते, तिच्यासाठी आणलेले.

"तुम्हीच सांगा, मी काय करणार होते?" केतकीचा आवाज चढला. "बुधवारची मुदत दिली होती हिरडवाडीनं. बुधवारी पाण्यात रंग दिसला तर नाला मातीनं बुजवून टाकणार होते. तुम्ही म्हणालात अजून तीन आठवडे लागतील, जित्राबांना या नव्या काळ्या रंगाची सवय नाही. तीन आठवडे! कुणी थांबलं असतं? मी हिशोब केला. थोडे जीव मरतील, उरलेले पुन्हा वाढतील. आणि बघा ना, दोन तासांत पाणी आरशासारखं झालं! काल अख्खी हिरडवाडी बघायला आली होती. मला शाल घातली त्यांनी, चाचा. नारळ दिला."

"कुणी घातली शाल?"

"गोदाबाईंनी."

चाचांनी मान हलवली. गोदाबाई त्यांना ठाऊक होत्या. चार म्हशी, मुलगा नाही, नवरा अंथरुणाला खिळलेला. नाल्याचं पाणी नासलेलं, म्हणून नवरा पडल्यापासून सहा वर्षं ती बाई गावापलीकडच्या विहिरीवरून चार म्हशींचं पाणी डोक्यावर आणत होती.

"काय म्हणाली ती?"

"खूश होत्या. रडल्या." केतकी थांबली. "म्हणाल्या, उद्यापासून म्हशी नाल्यावरच आणते. पाण्याचा हंडा सुटला डोक्यावरचा."

"उद्या म्हणजे आज."

"हो."

"मीटर काय सांगतो?"

"रंग शून्य."

"रंगाचं नाही विचारलं. घाणीचा आकडा."

केतकी नखानं कठड्याचा पोपडा काढू लागली.

"होता तेवढाच आहे," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "थोडा वाढलाय."

"आणि ब्लीचिंग त्याच्यावर."

"...हो."

"गोदाबाई म्हशी आणते म्हणाली, तेव्हा तू काय म्हणालीस?"

कालपासून केतकीला तेवढंच एक आठवत होतं. शाल खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या, आणि तोंडाशी आलेलं वाक्य तिनं गिळलं. एकच वाक्य होतं. 'अजून पाजू नका.' पण ते म्हटलं असतं तर लगेच कुणीतरी विचारलं असतं, 'का?'

चाचांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेदहा.

"म्हशी अकराला उतरतात," ते म्हणाले. "हिरडवाडीला फोन लाव."

केतकीनं फोन काढला. सरपंच बाळगोंडांचा नंबर काढला. अंगठा त्यावर धरला आणि तसाच ठेवला.

हॅलो म्हटल्यावर पुढं काय म्हणायचं? काल तुम्ही ज्या बाईला नारळ दिलात, ती बाई खोटारडी आहे, असं? तिच्या डोळ्यांपुढं आपली आई आली, कॉलेजातले सर आले, कालचे फोटो ज्यांना पाठवून झाले होते ती सगळी नावं आली. अंगठा काही खाली जाईना. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

तिनं मान वर केली तेव्हा चाचा कठड्यावर नव्हते.

ते खोलीतून एक पत्र्याचा डबा घेऊन येत होते. दुसऱ्या हातात बादली. शेवटच्या हौदातून पाणी ज्या पाटानं नाल्यात सुटतं, त्या पाटाशी ते बसले. डबा उघडला. आतली भुकटी बादलीत टाकली आणि कोपरापर्यंत हात घालून कालवू लागले.

"चाचा, ते काय करताय?"

"टॉवेलच्या काठाचा मरून आहे."

"रंग?"

"रंगच."

तिला आधी खरं वाटेना. मग ती धावली.

"चाचा, वेड लागलंय का तुम्हाला? आठ वर्षं तुम्ही या पाण्यातनं रंग काढताय!"

"फोन लागला का? माझं कोण ऐकणार, शाल तुला घातलीय."

फोन तिनं तसाच खिशात घातला. पण इंजिनिअरच ती. दुसऱ्या क्षणी म्हणाली, "टिकणार नाही तो. ब्लीचिंगमध्ये एका मिनिटात उडून जाईल."

"हा नाही उडत." चाचा कालवत राहिले. "टॉवेलच्या काठाला हाच घालतात. धोबी ब्लीचिंगात बुचकळून बुचकळून दमतो, टॉवेल विरतो, काठ तसाच राहतो."

त्यांनी बादली पाटात ओतली.

आरशासारख्या पाण्यात मरून रंगाची जाड रेघ पडली, रुंद झाली, आणि बघता बघता सगळा पाट त्या रंगाचा झाला. चाचांनी दुसरी बादली कालवली. मग तिसरी.

आठ महिन्यांची धडपड, बुधवारची मुदत, कालचं कौतुक, सगळं केतकीच्या डोळ्यांदेखत नाल्यात वाहून चाललं होतं.

"ही पण घाणच आहे, चाचा," ती रडवेली होऊन म्हणाली.

"घाणच आहे."

"मग?"

"दिसते."

रंग वळणापर्यंत गेला. चाचा उठले, आणि म्हणाले, "आता दार पाड." केतकीनं पाटावरचं लोखंडी दार फिरवून बंद केलं. चाचांनी आपल्या जुन्या फोनवरून एकेका डाईंगला सांगितलं, "पाणी सोडू नका. टाकी बंद आहे. ...कधी चालू होईल ते सांगता येत नाही."

मग दोघं कठड्यावर उभे राहिले.

अकराला पाच मिनिटं कमी असताना गोदाबाई आली. पुढं म्हशी, मागं ती. आज डोक्यावर हंडा नव्हता. तिनं केसांत कसलंसं पिवळं फूल माळलं होतं, ते इतक्या लांबूनही केतकीला दिसलं.

पहिली म्हैस उतारावर आली. तिला पाण्याचा सोस, ती मान खाली घालणार तोच गोदाबाईनं बोंब मारली. अशी की इथवर ऐकू आली. काठी घेऊन ती म्हशीपुढं पाण्यात शिरली आणि तोंडावर, शिंगांवर जमेल तसं हाणत तिनं चारही जनावरं मागं वळवली.

केतकीनं डोळे मिटले.

"आता येतील," चाचा म्हणाले.

आले. वीसेक माणसं आली. गोदाबाई पुढं, लुगडं गुडघ्यापर्यंत मरून रंगाचं झालेलं. सरपंच बाळगोंडा तिच्या मागं. फाटक उघडायची कुणी वाट बघितली नाही.

"कुणी केलं हे?" बाळगोंडांनी विचारलं.

चाचांचे हात कोपरापर्यंत रंगलेले. लपवणार काय आणि कशाला?

"मी केलं. मीच टाकला रंग."

मग गोदाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"मुडद्या! पोरीनं दोन दिवसांत पाणी धुऊन काढलं, तुला आठ वर्षांत जमलं नाही, म्हणून पोटात दुखायला लागलं व्हय रं तुझ्या? एवढ्याशा पोरीवर जळतोस? काळी दाढी पांढरी झाली, अक्कल कधी यायची तुला?"

"कालची शाल बघवली नाही म्हाताऱ्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

"काढून टाका ह्याला!"

एका गड्यानं चाचांची गचांडी धरली. चाचा तसेच उभे राहिले. हात वर केला नाही, तोंड उघडलं नाही.

केतकी बाजूला उभी होती. तिच्याकडं कुणी रागानं बघत नव्हतं. उलट एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "रडू नको गं बाई. तू परत करशील साफ."

तिला कळलं, इथं नुसतं गप्प राहायचं. बस्स. कालच्यासारखं. चाचांना मालक घरी पाठवतील. सत्तरीचा माणूस, आज ना उद्या जाणारच होता. टाकी बिघडली, तीही त्यांच्याच माथी जाईल. पाणी बाईंनी साफ केलं होतं, म्हाताऱ्यानं नासवलं. एवढीच गोष्ट उरेल, आणि ती सगळ्यांना पटेल.

तिनं चाचांकडं बघितलं. एकदा तरी ते आपल्याकडं बघतील, डोळ्यांनी काहीतरी म्हणतील, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर तिला निदान त्यांचा राग तरी आला असता. पण चाचा समोरच्या गड्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"सोडा त्यांना," केतकी म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी ओरडली.

"सोडा त्यांना! ते पाणी चांगलं नव्हतंच!"

गड्याचा हात सैल झाला.

"मी टाकीत ब्लीचिंग टाकलं. अकरा पोती. त्यानं नुसता रंग गेला. घाण होती तिथंच आहे. आणि घाण खाणारे जे जीव होते, ते सगळे मी मारले. पाणी दिसायला चांगलं होतं, एवढंच. चाचांनी रंग टाकला तो म्हशींनी तोंड लावू नये म्हणून. मी फोन करणार होते... मी केला नाही."

पाठीवर फिरणारा हात कधीच गेला होता.

गोदाबाई दोन पावलं पुढं आली.

"माझ्या म्हशी पाणी प्याल्या असत्या तर?"

"आजारी पडल्या असत्या."

"मेल्या असत्या?"

"...कदाचित."

"आणि हे तुला काल माहीत होतं?"

"हो."

"मी शाल घालत होते, तेव्हा?"

"हो."

गोदाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं, आणि केतकीलाही वाटलं, दिली तर बरं. पण बाईनं लुगड्याचा ओला काठ पिळला, ती वळली, आणि चालू लागली. जाताना चाचांपाशी क्षणभर थांबली. मग तशीच गेली.

"आठ दिवस," बाळगोंडा म्हणाले. "आठ दिवसांनी टाकी जिवंत दिसली नाही, तर नाला बुजवतो. मग तुमची नऊ डाईंग आणि तिथली माणसं, तुमचं तुम्ही बघा."

माणसं गेली. फाटक उघडंच राहिलं.

केतकी खोलीत गेली. एक कागद घेऊन, चार ओळी लिहून ती बाहेर आली. राजीनामा होता. चाचा टाकीच्या कडेला बसून हात धूत होते, आणि रंग काही निघत नव्हता.

"चाचा, मी जाते. माझी तुमच्याकडं शिकायची लायकी नाही. तुम्ही त्या जिवांना गूळ घालायचात, मी हसायचे. आणि मी..." ती हुंदके देऊन रडू लागली.

चाचांनी तिला रडू दिलं. मग पिशवीतला एक लाडू काढून तिच्या हातावर ठेवला.

"खा. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

"चाचा, मी राजीनामा..."

"ठेव तिथं. दगड ठेव वर, उडून जाईल."

तिनं लाडू खाल्ला. रडत रडत, पण सगळा खाल्ला. मग नाक पुसून तिनं टाकीकडं बघितलं.

"ही जिवंत होईल पुन्हा?"

"होईल की."

"आठ दिवसांत?"

"सुरुवात दिसेल. ब्लीचिंग उन्हानं आणि हवेनं उतरायला दोन दिवस. तोवर हवेचे पंखे बंद करायचे नाहीत. मग पोटात घालायला गूळ. आणि बी पेरल्यासारखे नवे जीव सोडायचे."

"ते कुठनं आणायचे?"

"शेणातनं. म्हशीचं, ताजं. रोज पंचवीस पाट्या."

केतकीनं हिशोब केला. सवयच ती. "गावात एवढ्या म्हशी नाहीत, चाचा."

"गावात नाहीत."

"मग कुठं?"

चाचांनी नाल्याच्या वळणाकडं हनुवटी केली.

केतकी त्या दिशेला बघत राहिली. उतारावर कुणी नव्हतं. पलीकडं हिरडवाडीची घरं होती, आणि घरांपुढं बांधलेली जनावरं.

"तुम्ही जाल?"

"मी पंखे बघतो."

"म्हणजे मी... आज?"

"आजची पाटी ब्लीचिंग मारायला. सवय करून घे वाटेची. परवापासून रोज जायचंय."

ती उठली. दोन पावलं गेली आणि परत फिरली. काल शाल मिळाली होती, पण अंगावर काहीतरी घ्यावंसं तिला आत्ता वाटत होतं.

"चाचा... ते मला शेण देतील?"

चाचांनी कोपऱ्यातली रिकामी पाटी उचलली, झटकली, आणि तिच्या हातात दिली.

"पाटीत देतील, नाहीतर अंगावर फेकतील. दोन्ही घेऊन ये. टाकीला सारखंच."